साधा फोन घेण्याआधी, घेताना आणि घरी जोडताना

पहिला साधा फोन घेताना मी सगळं उलट्या क्रमानं केलं. आधी फोन आवडला, मग तो घेतला, मग सिम घातलं, आणि मग पडद्यावर अक्षरं उमटली: ‘फक्त आणीबाणीचे कॉल’. बटणं छान टचटच वाजत होती, अंगठ्याला फार बरं वाटत होतं. पण फोन टूजीवर चालणारा, आणि मी ज्या कंपनीचं सिम वापरत होतो तिच्याकडे टूजी उरलेलंच नव्हतं. दोष कुणाला देणार? खोक्याच्या तळाशी बारीक अक्षरांत सगळं छापलेलं होतं.

त्यानंतर दोन साधे फोन वापरले, एका स्मार्टफोनची पिसं काढून त्याला साधा केला आणि एक फोन सुटे भाग आणून स्वतः जोडला. त्यातून जो क्रम कळला तो असा: आधी कामं, मग नेटवर्क, आणि सगळ्यात शेवटी फोन.

आधी आठवडाभर एक कागद

सात दिवस खिशात कागद ठेवा. फोन हातात घेतला की तो कशासाठी घेतला ते एका शब्दात लिहा. अँड्रॉइड आणि आयफोन, दोन्हींत २०१८ पासून वापराचे तास मोजायची सोय आहे, पण ती इथे फारशी कामाची नाही. ‘व्हॉट्सॲप दीड तास’ एवढंच ती सांगते. त्यातली दहा मिनिटं खऱ्या निरोपाची होती की नाही, हे तिला कळत नाही.

माझ्या कागदावर सगळ्यात जास्त वेळा कोणता शब्द आला असेल? टॉर्च. त्याखालोखाल घड्याळ. फोन करणं बरंच खाली होतं.

आठवडा संपला की प्रत्येक कामापुढे तीनांपैकी एक खूण करा: राहणार, हलणार, सुटणार. ‘राहणार’ म्हणजे नव्या फोनवर हवंच. ‘सुटणार’ म्हणजे नसलं तरी चालेल. यातला अवघड रकाना ‘हलणार’चा. फोन साधा केला की कामं आपोआप कमी होतात असं वाटतं, पण ती नाहीशी होत नाहीत, दुसरीकडे बिऱ्हाड करतात. आपण जागा शोधून दिली नाही तर ती शेजारच्या माणसाच्या फोनवर जातात. पहिल्या महिन्यात माझं सगळं बिऱ्हाड बायकोच्या फोनवर जाऊन बसलं. ‘जरा नकाशा बघ ना’, ‘जरा तिकीट काढ ना’, ‘तुझ्यावर कोड मागवू का?’ तिसऱ्या आठवड्यात तिनं शांतपणे विचारलं, “तुमचा फोन साधा झालाय की माझा अवघड झालाय?”

म्हणून ‘हलणार’ लिहिलेल्या प्रत्येक ओळीपुढे जागेचं नाव लिहा. गजर: टेबलावरचं घड्याळ. टॉर्च: किल्ल्यांना अडकवलेला छोटा टॉर्च. बँक: घरचा संगणक. एक जरी ओळ रिकामी राहिली तरी फोन घ्यायला निघू नका.

तीन अडेलतट्टू कामं

पहिलं, कोड. एसएमएसनं येणारा ओटीपी कुठल्याही फोनवर येतो, त्याची काळजी नाही. दर ३० सेकंदांनी बदलणारा सहा आकडी कोड दाखवणारं ॲप वापरत असाल तर तो कोड एक गुप्त किल्ली आणि चालू वेळ यांच्यावरून तयार होतो. त्याला नेटवर्क लागत नाही, सिमही लागत नाही. त्यामुळे तो टॅबलेटवर किंवा संगणकावरच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये हलवता येतो. हलवण्याआधी प्रत्येक खात्याचे पर्यायी कोड (ॲप हाताशी नसेल तेव्हा वापरायचे) उतरवून कागदावर छापून ठेवा. ‘हे तुम्हीच आहात का?’ असं विचारून फक्त ॲपमध्येच मान्यता मागणाऱ्या सेवांना मात्र पळवाट नाही. त्यांच्यासाठी जुना स्मार्टफोन घरच्या वायफायवर जिवंत ठेवावा लागतो.

दुसरं, व्हॉट्सॲप. त्याचं खातं एका मुख्य फोनवर असतं आणि त्याला आणखी चार उपकरणं जोडता येतात. मुख्य फोन १४ दिवसांहून जास्त काळ वापरला नाही तर जोडलेली उपकरणं आपोआप बाहेर पडतात. म्हणजे जुना फोन कपाटात बंद करून संगणकावर निरोप वाचत बसणं फार दिवस चालत नाही. दर रविवारी तो चार्ज करून ॲप एकदा उघडायचं, एवढं केलं की पुरतं. आणखी एक: काइओएस या साध्या फोनांसाठीच्या प्रणालीवर चालणाऱ्या बटणांच्या फोनांवर २०१८-१९ मध्ये व्हॉट्सॲप आलं होतं, पण २०२४ च्या मध्यापासून ते तिथे नव्यानं उतरवता येत नाही. जुन्या खोक्यावर व्हॉट्सॲपचं चित्र दिसलं म्हणून भुलू नका.

तिसरं, नकाशा. याला सोपं उत्तर नाही. मी निघण्याआधी संगणकावर रस्ता बघतो आणि वळणं कागदावर लिहून घेतो. ज्यांना दिवसभर नवनव्या पत्त्यांवर जावं लागतं त्यांनी नकाशा असलेलाच फोन घ्यावा. तिथे हट्ट करण्यात अर्थ नाही.

नेटवर्क: इथेच बहुतेकांचे पैसे बुडतात

टूजी आणि थ्रीजीमध्ये आवाजासाठी वेगळी वाट असते. फोरजीत ती नाही, तिथे सगळा डेटाच. त्यामुळे फोरजीवर बोलायचं तर आवाजाचाही डेटा करून पाठवावा लागतो, त्या पद्धतीला व्होल्टे म्हणतात. फोनमध्ये फोरजी आहे पण तुमच्या कंपनीशी जुळणारं व्होल्टे नाही, अशी स्थिती असेल तर कॉल आला की फोन खाली टूजी किंवा थ्रीजीवर उतरतो. त्या खालच्या पायऱ्याच काढून टाकल्या असतील तर इंटरनेट चालतं आणि कॉल लागत नाही. साध्या फोनच्या बाबतीत याहून वाईट काय असणार!

पायऱ्या काढण्याचा क्रमही सगळीकडे सारखा नाही. जपाननं २०१२ मध्येच टूजी बंद केलं. अमेरिकेतल्या तीन मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्रीजी गुंडाळलं. ऑस्ट्रेलियात टूजी आधीच गेलं होतं, २०२४ च्या ऑक्टोबरच्या शेवटी थ्रीजीही गेलं, आणि आणीबाणीचा कॉल फोरजीवर लावू न शकणारे फोन कंपन्यांना नेटवर्कवरून काढून टाकावे लागले. युरोपात बऱ्याच देशांत उलटं झालं: थ्रीजी आधी बंद केलं, टूजी मागे ठेवलं. त्यामुळे ‘थ्रीजीवाला नवा, म्हणून जास्त टिकेल’ हा हिशेब कामाचा नाही.

सिमच्या कंपनीला तीन प्रश्न विचारा. टूजी आणि थ्रीजी चालू आहे का, आणि बंद होण्याची तारीख जाहीर झाली आहे का? फोरजी कोणकोणत्या बँडवर, म्हणजे लहरींच्या पट्ट्यांवर, आहे? आणि या नेमक्या मॉडेलला तुमच्याकडे व्होल्टे चालतं का? ‘नेमक्या’ या शब्दावर जोर द्या. एकाच नावाचा फोन वेगवेगळ्या प्रदेशांसाठी वेगवेगळ्या बँडचा निघतो, मॉडेल क्रमांकातलं शेवटचं एखादं अक्षर बदललेलं असतं.

फोन हातात मिळाला तर याहून सोपी परीक्षा आहे. आपलं सिम घाला, कॉल लावा आणि बोलता बोलता वरच्या कोपऱ्यात बघा. फोरजीची खूण तशीच राहिली तर व्होल्टे चालू आहे. ती जाऊन तिथे थ्रीजी, टूजी किंवा नुसतं ‘ई’ आलं तर फोन खाली उतरला. वापरलेला फोन घेत असाल तर *#०६# दाबून १५ आकडी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, बघा आणि तो खोक्यावरच्या आकड्याशी ताडून घ्या.

फोन निवडताना

बाजारात तीन जाती आहेत. पहिली म्हणजे नेहमीचे बटणांचे फोन: स्वस्त, बॅटरी दिवसचे दिवस चालणारी, आणि मेन्यूत नको असलेल्या खेळांची भर. दुसरी म्हणजे मुद्दाम साधे बनवलेले फोन. लाइट फोनचं दुसरं मॉडेल २०१९ मध्ये ई-इंक, म्हणजे छापील कागदासारख्या दिसणाऱ्या, पडद्यासह आलं. तिसरं २०२५ मध्ये आलं, पण त्यात ई-इंक सोडून स्मार्टफोनसारखा ॲमोलेड पडदा घेतला. पुंक्ट या स्विस कंपनीच्या फोनचं रूप जॅस्पर मॉरिसन यांनी बेतलं. पोलंडच्या मुदिता कंपनीचा कोम्पाक्ट २०२५ चा, तोही ई-इंकवर. या फोनांत नसलेल्या गोष्टींचे आपण पैसे मोजतो, अशी चेष्टा होते आणि ती पूर्ण खोटी नाही. तिसरी जात म्हणजे तुमच्याच खिशातला स्मार्टफोन, त्याच्याकडे पुढे येतो.

दुकानात पडदा आणि रंग बघण्यापेक्षा मराठी बघा. ‘मराठी भाषा आहे’ याचा अर्थ मेन्यू मराठीत आहे, एवढाच असू शकतो. आलेला निरोप नीट दिसतो का, आणि मराठीत लिहिता येतं का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. माझा परीक्षेचा शब्द ‘बिऱ्हाड’. कुणाकडून तरी त्या फोनवर हा शब्द पाठवून घ्या. मराठीतला हा आडवा र अनेक स्वस्त फोनांना झेपत नाही: पाय मोडलेला र दिसतो, नाहीतर सरळ चौकट. ‘बिऱ्हाड’ नीट दिसलं तर ‘आर्द्रता’ आणि ‘ज्ञान’ बहुतेक दिसतातच.

एसएमएसचं गणितही आधी कळलेलं बरं. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात, एक बाइट म्हणजे ८ बिट. रोमन अक्षर ७ बिटांत बसतं, म्हणून १६० अक्षरं मिळतात. देवनागरीला १६ बिट लागतात, म्हणून ७०. त्यातही काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. डोळ्यांना ‘बिऱ्हाड’ तीन अक्षरी दिसतं, फोन ते सात मोजतो: ब, वेलांटी, ऱ, हलन्त, ह, काना, ड. निरोप ७० च्या पुढे गेला की तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यात ६७ च उरतात. रोमनमध्ये लिहिलेल्या निरोपात एक जरी देवनागरी अक्षर किंवा इमोजी घातला तरी अख्खा निरोप ७० च्या हिशेबात जातो. साध्या फोनवर आल्यापासून माझे निरोप तारेसारखे झालेत. ‘पोचलो. किल्ली शेजारी.’ संपलं.

आणखी थोडं भराभर. संपर्क फाइलवरून आत घेता येतात का ते बघा, कारण सिमवर हलवले तर नाव आणि क्रमांक एवढंच जातं आणि लांब नावं कापली जातात. माझ्याकडे तीन ‘सुरेश प्लं’ आहेत. बॅटरी निघते का? नोकियाच्या जुन्या बीएल-५सी आकाराची असेल तर पुढची कित्येक वर्षं मिळेल. हॉटस्पॉट आहे का? असेल तर बाहेर असताना टॅबलेटला इंटरनेट मिळतं आणि ‘हलणार’मधली निम्मी कामं सुटतात. माझ्या मते साध्या फोनमध्ये कॅमेऱ्यापेक्षा हॉटस्पॉट मोलाचा. आणि अंधारात, पडद्याकडे न बघता एक क्रमांक लावून बघा. बटणं कळली पाहिजेत.

आहे तोच फोन सोलून काढणं

नवा फोन घेण्याआधी महिनाभर हे करून बघा, असं मी आग्रहानं सांगेन. खर्च शून्य, आणि ‘हलणार’चा रकाना खरा होता की हौसेचा ते कळतं.

‘राहणार’मध्ये नसलेली ॲप काढून टाका. जी निघत नाहीत ती सेटिंगमधून निष्क्रिय करा, नुसती लपवू नका. अँड्रॉइडवर ओलाँचरसारखा लाँचर घाला: चित्रं जातात, नावांची साधी यादी उरते. पडदा करडा करा. सूचना फक्त कॉल आणि माणसांच्या निरोपांच्या ठेवा. आयफोनवर २०२३ च्या आयओएस १७ पासून ‘असिस्टिव्ह ॲक्सेस’ आहे. ते मोठी चित्रं आणि निवडक ॲप यांचं सोपं रूप आहे, मूळ हेतू वेगळा असला तरी या कामाला उत्तम चालतं.

खरी गोम ब्राउझरमध्ये आहे. मी सगळी ॲप काढली आणि चौथ्या दिवशी तीच सगळी ठिकाणं ब्राउझरमधून बघत बसलो होतो, तेही करड्या रंगात. ब्राउझर आणि ॲपचं दुकान, दोन्ही बंद करा आणि पासवर्ड दुसऱ्याकडे द्या.

स्वतः जोडायचा असेल तर

हे वेडगळ नाही. एमआयटी मीडिया लॅबमध्ये डेव्हिड मेलिस यांनी लाकडी कवचाचा, घरी जोडता येणारा फोन केला होता. जस्टिन हॉप्ट या अभियंता बाईंनी २०२० मध्ये चक्क जुन्या चकतीचा मोबाइल बनवून वापरला. मात्र एक ठरवून घ्या: घरी जोडलेला फोन हा घरातला एकमेव फोन नसावा. आणीबाणीत त्याच्यावर विसंबू नये.

फोनचा जीव एका मोड्यूलमध्ये, म्हणजे सिम घेऊन नेटवर्कशी बोलणाऱ्या छोट्या सर्किटमध्ये, असतो. टूजी चालू असेल तिथे सिम८००एल हे स्वस्त आणि सोपं. नसेल तर सिम७६०० सारखं फोरजी मोड्यूल, पण घेताना त्या प्रकारावर आवाजाचे कॉल चालतात का ते माहितीपत्रकात बघा, कारण काही फोरजी मोड्यूलं नुसती डेटाची असतात. सोबत ३.३ व्होल्टचा मायक्रोकंट्रोलर (बटणं, पडदा आणि मोड्यूल यांना चालवणारी चिप), १२ किंवा १६ बटणांचा कीपॅड, छोटा पडदा, माइक, स्पीकर, अँटेना, लिथियम बॅटरी आणि संरक्षण असलेलं टीपी४०५६ चार्जिंग सर्किट.

सुरुवात कीपॅडपासून करू नका. आधी वीज. माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला. सिम८००एल जोडलं, दिवा लुकलुकला, सातआठ वेळा मिचकावला आणि विझला. पुन्हा लागला, पुन्हा तेच. मल्टिमीटर लावला तर बॅटरी ३.८ व्होल्ट, स्थिर. दोन रात्री मी मोड्यूलला शिव्या दिल्या. खरी गोष्ट अशी की टूजी मोड्यूल सलग प्रसारण करत नाही. ४.६ मिलिसेकंदांतून एकदा, जेमतेम ०.५८ मिलिसेकंदासाठी, दोन ॲम्पियरपर्यंत वीज ओढतं. वाटेत पाव ओहम जरी रोध असला तरी तेवढ्यापुरता अर्धा व्होल्ट पडतो, म्हणजे ३.८ चे ३.३ होतात. मोड्यूलला किमान ३.४ लागतात, म्हणून ते बंद पडतं. मल्टिमीटर एवढा चपळ नसतो, तो सरासरी दाखवतो आणि आपण फसतो. ब्रेडबोर्डच्या, म्हणजे भाग नुसते खोचून जोडायच्या पाटीच्या, केसासारख्या तारा हाच तो पाव ओहम. जाड, आखूड तारा थेट डाखल्या, मोड्यूलच्या अगदी जवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (झटक्यापुरती वीज साठवून ठेवणारा भाग) बसवला, आणि दिवा तीन सेकंदांतून एकदा शांतपणे लुकलुकू लागला. सिम८००एलच्या भाषेत त्याचा अर्थ नेटवर्क मिळालं. सेकंदाला एकदा लुकलुकत असेल तर ते अजून शोधतंय. ५ व्होल्ट मात्र थेट देऊ नका, त्याची मर्यादा ४.४ आहे.

दुसरी पायरी: मोड्यूल यूएसबी-सिरियल जोडणीनं संगणकाला लावा आणि हातानं बोला. मोडेमशी बोलायची ही ‘एटी’ आज्ञांची भाषा १९८१ च्या हेज मोडेमपासून चालत आली आहे. ‘एटी’ लिहिलं की ‘ओके’ आलं पाहिजे. मग ‘एटी+सीपीआयएन?’ विचारा, उत्तर ‘रेडी’ हवं. सिमला पिनचं कुलूप असेल तर ते आधीच दुसऱ्या फोनमध्ये घालून बंद करून ठेवा. ‘एटी+सीआरईजी?’चं उत्तर ०,१ आलं तर आपल्या नेटवर्कवर नोंद झाली, ०,५ म्हणजे रोमिंग, ०,२ म्हणजे शोध चालू. ‘एटी+सीएसक्यू’ सिग्नल सांगते, ० ते ३१, दहाच्या वर असेल तर बोलता येतं. ९९ म्हणजे काहीच कळत नाही, अँटेना बघा. कॉलसाठी ‘एटीडी’, लगेच क्रमांक आणि शेवटी अर्धविराम. तो अर्धविराम विसरलात तर मोड्यूल त्याला डेटाचा कॉल समजतं. उचलायला ‘एटीए’, ठेवायला ‘एटीएच’. (संगणकावर हे सगळं अर्थातच रोमन अक्षरांत टंकायचं.)

संगणकावरून कॉल लागला, समोरच्याचा आवाज आला, की मगच कीपॅड, पडदा आणि मायक्रोकंट्रोलर जोडा. स्पीकरमध्ये ‘टर्रर्र’ असा आवाज येईल. तो वर सांगितलेल्या झटक्यांचाच, सेकंदाला २१७ वेळा. माइकच्या तारा एकमेकींना पिळा, आखूड ठेवा आणि अँटेना दुसऱ्या टोकाला न्या. पडद्यासाठी मी नोकिया ५११० मध्ये असायचा तसला ८४ बाय ४८ ठिपक्यांचा वापरला. त्यावर देवनागरी जोडाक्षरं आपोआप बसत नाहीत, म्हणून मला लागणारी आठ नावं चौकटीच्या कागदावर ठिपक्याठिपक्यानं काढली आणि चित्रं म्हणून आत भरली. नवव्या माणसासाठी एक संध्याकाळ राखून ठेवावी लागते. लिथियम बॅटरी खोक्यात सैल ठेवू नका, टोकदार स्क्रूपासून लांब ठेवा, आणि फुगलेली दिसली की सरळ बाद करा.

सिम हलवण्याचा दिवस

थेट सिम काढण्याआधी एक मधला मार्ग आहे. साध्या फोनमध्ये दुसरं सिम घाला आणि जुन्या फोनवरून **२१* मग नवा क्रमांक मग # असं दाबून कॉल तिकडे वळवा. बऱ्याच नेटवर्कवर हे चालतं, तुमच्या कंपनीकडे चालतं का आणि ती त्याचे पैसे लावते का ते आधी विचारा. याच कोडनं लोकांची फसवणूकही होते, त्यामुळे फोनवर कुणी अनोळखी माणूस तो दाबायला सांगत असेल तर दाबू नका. जुना फोन घरी ठेवा आणि बाहेर फक्त साधा फोन न्या. एसएमएस वळत नाहीत, ओटीपी घरच्याच फोनवर येत राहतील. म्हणून बँकेची कामं घरी बसून करायची सवय याच दिवसांत लागते. दोन आठवड्यांत कागदावर नवीन ओळ आली नाही तर सिम हलवा. आली तर जुन्या फोनवरून ##२१# दाबा, कॉल परत येतात, आणि त्या ओळीला जागा शोधा.